तीन गोळ्यांवर रायफल ठरत नाही

पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर तीन भोकं एकमेकांना चिकटून बसलेली दिसली की नवी रायफल घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. कमी किमतीच्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक (एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप भरतं अशा) रायफलीकडून आणखी काय हवं? पण त्याच बैठकीत, त्याच डब्यातल्या आणखी सात गोळ्या त्याच टार्गेटवर झाडल्या, तर ग्रुप बहुतेक वेळा दीडपट तरी होतो. रायफल बिघडलेली नसते आणि हातही थकलेला नसतो. हे संभाव्यतेचं साधं गणित आहे.

ग्रुप म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं, मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. गोळ्या जितक्या जास्त, तितकी एखादी टोकाला जाण्याची शक्यता जास्त. गोळ्यांचं विखुरणं सर्व दिशांना सारखं आणि घंटाकृती वितरणाप्रमाणे असेल, आणि एका दिशेतलं प्रमाण विचलन (विखुरण्याचं सांख्यिकीतलं माप) १ धरलं, तर तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २.४, पाचांचा ३.१ आणि दहांचा ३.८ येतो. त्यात तीन गोळ्यांचा ग्रुप फार लहरी असतो. एक ग्रुप दुसऱ्याच्या दुप्पट निघाला, तरी त्यामागे काही कारण असेलच असं नाही. म्हणून निवडक छोटा ग्रुप दाखवून केलेली तुलना निरुपयोगी ठरते. दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप वेगवेगळ्या टार्गेटवर झाडावेत. .२२ लाँग रायफल काडतुसांचा ५० चा एक डबा त्याला पुरतो. मग प्रत्येक भोकाचं आडवं आणि उभं अंतर मोजून ग्रुपचा मध्य काढावा आणि मध्यापासून भोकांच्या अंतरांची सरासरी घ्यावी. या सरासरी त्रिज्येत दहाही गोळ्यांची माहिती येते. ग्रुपच्या मापात फक्त दोन गोळ्या बोलतात.

स्वस्त रायफलीत काटकसर कुठे झाली आहे, हे माहीत असेल तर काय मोजायचं ते कळतं. बहुधा ती चापात, दस्त्यात आणि नळीच्या आतल्या सफाईत झालेली असते. चाप ओढायला पुष्कळदा अडीच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि रायफलीचं स्वतःचं वजनही जवळपास तेवढंच असतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ताणकाट्याचा आकडा चापाच्या मध्यावर अडकवावा आणि दहा वाचनं घ्यावीत. सरासरीपेक्षा वाचनांमधला फरक जास्त बोलका असतो. जड पण एकसारखा चाप अंगवळणी पडतो, दर वेळी वेगळ्या जागी सुटणारा कधीच नाही. एक काळजी मात्र घ्यावी: काही .२२ रायफलींमध्ये रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा) चाप ओढला तर फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी पिन, चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो. असं करता येतं की नाही, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत आधी पाहावं.

दस्ता प्लास्टिकचा असेल तर नळी आणि दस्ता यांमध्ये कागदाची पट्टी सरकवून बघावी. टेकून झाडताना दस्ता वाकून नळीला लागला, तर गोळ्यांची जागा बदलते. सँडबॅग दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवावी, नळीखाली कधीही नाही, आणि दर वेळी त्याच खुणेवर. दुर्बिणीच्या माउंटचे (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू बसवल्यावर स्क्रू आणि माउंट यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला. टार्गेटवर गोळ्यांचे दोन वेगळे पुंजके पडू लागले, तर नळीला नावं ठेवण्याआधी ही रेघ पाहावी.

काडतुसाचा ब्रँड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत. शिशाच्या गोळीवरचं मेण नळीत पसरतं आणि नवा थर बसेपर्यंत नेम भटकतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मॅगझिनमधलं (काडतुसांच्या पेटीतलं) पहिलं काडतूस आपण हाताने बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, ओढून चेंबरमध्ये भरतो, बाकीची काडतुसं यंत्रणा भरते. भरण्याचा जोर वेगळा असल्याने काही रायफलींची पहिली गोळी ग्रुपपासून बाजूला पडते. तिचं भोक पेनाने वेगळं गोल करून ठेवावं. बोल्ट मात्र पूर्ण मागे ओढून सोडून द्यावा. हाताने हळूच पुढे नेला तर तो नीट बंद होईलच असं नाही.

ग्रुप उभा लांबट आला तर वेगातल्या फरकाचा संशय घ्यावा. सेकंदाला ३२५ मीटर वेगाने सुटलेली .२२ ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२-१३ सेंटिमीटर खाली येते. दुसरी गोळी सेकंदाला १० मीटर जास्त वेगाने सुटली, तर ती जवळपास ७ मिलिमीटर वर लागते. १०० मीटरवर हा फरक चौपटीच्या आसपास जातो. म्हणजे अंतर दुप्पट केलं तर ग्रुप दुप्पटच होईल, हा हिशेब उभ्या दिशेत चुकतो. आडवा पसरलेला ग्रुप बहुधा वाऱ्याचा किंवा चाप तिरका ओढल्याचा असतो. वाऱ्याबाबत एक आश्चर्याची गोष्ट आहे: ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित जोरात जाणारी हाय-व्हेलॉसिटी .२२ गोळी मंद गोळीपेक्षा वाऱ्याने जास्त सरकते. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि गोळी आपला वेग भराभर गमावते. नेमासाठी साधी, ध्वनीपेक्षा मंद काडतुसं घ्यावीत.

पण नेम चांगला असूनही रायफल अडकत असेल तर तिला चांगली म्हणता येणार नाही, आणि स्वस्त सेमी-ऑटोमॅटिकची खरी कसोटी इथेच लागते. रुगर १०/२२ सारख्या, १९६४ पासून बनत आलेल्या रायफलीसह बहुतेक .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफली ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. त्यांत बोल्टला कडी नसते. फक्त त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग त्याला धरून ठेवते. गोळी २.६ ग्रॅमची आणि बोल्ट तिच्या पन्नास पटींहून जड, म्हणून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्ट जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. मग उरलेल्या गतीने तो मागे जातो, पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल) बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो आणि येताना नवं काडतूस ढकलतो. सगळा खेळ बेताच्या ऊर्जेवर चालतो. काडतूस कमजोर असलं, बोल्ट कोरडा असला किंवा चेंबर काजळलेलं असलं, तर बोल्ट पुरता मागे जात नाही. मग पुंगळी खिडकीत धुराड्यासारखी उभी अडकते. ती खिडकीतच राहिली तर आधी काडतूस बदलून पाहावं आणि मग बोल्टच्या वाटेत तेलाचे दोन थेंब द्यावेत. पुंगळी चेंबरमधून निघालीच नाही, तर चेंबर साफ करून एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखालचा मळ काढावा.

चाप ओढून गोळी सुटली नाही तर रायफलीचं तोंड टार्गेटकडे ठेवून निदान तीस सेकंद थांबावं. पेट उशिरा घेणारं काडतूस असू शकतं. नंतर त्याची कड पाहावी. पिनेचा ठसा उथळ असेल तर दोष रायफलीचा, खोल असेल तर काडतुसाचा, कारण .२२ मध्ये पेट घेणारं मिश्रण कडेच्या आत पसरलेलं असतं आणि कधी एखाद्या जागी ते नसतंच. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र ताबडतोब थांबावं. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फाटू शकते.

मग किती गोळ्या न अडकता गेल्या म्हणजे भरवसा धरावा? सांख्यिकीत यासाठी तीनाचा नियम आहे. झाडलेल्या गोळ्यांमध्ये एकही बिघाड झाला नसेल, तर तीनला गोळ्यांच्या संख्येने भागावं. खरं बिघाडाचं प्रमाण ९५ टक्के खात्रीने त्यापेक्षा कमी असतं. पन्नास गोळ्या निर्वेध गेल्या तरी शंभरात सहा अडकण्याची शक्यता नाकारता येत नाही. एक टक्क्यापर्यंत यायला ३०० गोळ्या लागतात.

या ३०० गोळ्या झाडताना प्रत्येक मॅगझिनवर मार्करने क्रमांक घालावा आणि अडकण्याची नोंद करताना तीन गोष्टी लिहाव्यात: कितवी गोळी, कोणत्या क्रमांकाचं मॅगझिन, पुंगळी किंवा काडतूस कुठे आणि कसं अडकलं. सगळ्या नोंदी एकाच क्रमांकावर जमल्या तर त्या मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) दुसऱ्याच्या शेजारी धरून बघावेत. एखादा ओठ किंचित उघडलेला असला की काडतुसाचं नाक वर उचललं जातं आणि ते चेंबरच्या तोंडावर आपटतं. अशा काडतुसाच्या मऊ शिशावर आडवा ओरखडा स्पष्ट दिसतो.