मोटारगाडीच्या एसीचा कुबट वास

मोटारगाडीच्या एसीचा कुबट वास : एसी सुरू करताच डॅशबोर्डावरच्या जाळ्यांतून येणारा ओलसर, आंबूस किंवा मळक्या मोज्यांसारखा वास आणि तो घालविण्याच्या रीती. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) ही तक्रार मुख्यतः मृगाच्या पहिल्या सरींनंतर गॅरेजात येते; अहिराणी बोलणारा गिऱ्हाईक ‘एसी वास मारस’ एवढेच सांगून मोकळा होतो. वास जाळ्यांतून आला तरी त्याचे मूळ जाळ्यांत क्वचितच असते.

डॅशबोर्डामागच्या पेटीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची कूलिंग कॉइल असते. तिचे तापमान शून्य अंशाच्या थोडे वर राहत असल्याने हवेतील बाष्प तिच्यावर जमते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. गाडी उभी केली की ओली कॉइल बंद पेटीत, अंधारात तशीच राहते.

वास नेमका कशाचा, याविषयी तीन मते आहेत. पहिल्यानुसार तो कॉइलवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या व बुरशीच्या बाष्पशील द्रव्यांचा होय. वापरातल्या गाड्यांच्या कॉइलवर मेथिलोबॅक्टेरियमसारखे जिवाणू तसेच पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या बुरशी आढळल्या आहेत. ओल्या मातीचा वास देणारे जिऑस्मिन अब्जात एका भागाहून कमी असले तरी नाकाला कळते, त्यामुळे थोडी वाढही पुरते. दुसऱ्या मतानुसार कॉइल घाम, धूर, तंबाखू यांचे वास शोषून ठेवते आणि ओल बसताच किंवा उडताना ते सोडते. तिसरे मत कॉइलच्या लेपाकडे बोट दाखवते : पाणी थेंबाथेंबाने न साचता पसरून ओघळावे म्हणून दिलेल्या काही लेपांना ओल्या सिमेंटसारखा वास येतो, म्हणून कोऱ्या गाडीतही तक्रार होते. कायम टिकणाऱ्या कुबट वासासाठी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र फाटकापाशी गाडी उभी असताना कॉम्प्रेसर थांबतो आणि त्याच क्षणी वासाचा भपकारा येतो, त्याचा उलगडा दुसऱ्या मताने चांगला होतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत-पार्टीहून परतलेल्यांना दुसऱ्या दिवशी एसी लावताच तो धूर पुन्हा भेटतो, हा त्याचाच घरगुती दाखला म्हणता येईल.

खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते. कॉइलवर पाणी कमी जमते. काळ्या रानाची बारीक धूळ मात्र साचत राहते. जूनमध्ये बाष्प वाढले की तिचा चिखल होतो. सगळा उन्हाळा गप्प असलेला एसी पावसात ‘अचानक’ बिघडल्यासारखा वाटतो तो यामुळे. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारे फिल्टर, रुईच्या तंतूंनी लवकर बुजतात; ग्लोव्ह बॉक्समागून ओढून काढलेला असा फिल्टर जुन्या गोधडीतल्या राखी कापसासारखा दिसतो. हे फिल्टर साधारणपणे १९९० नंतर रूढ झाले आणि जुन्या, स्वस्त गाड्यांत ते नसतातच.

उपायांत कॉइल कोरडी ठेवणे मुख्य. मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी पाचेक मिनिटे एसीचे बटण बंद करून पंखा चालू ठेवतात व हवा बाहेरून घेतात. फिल्टर धुण्यापेक्षा बदलणे बरे. दमट दिवसातही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि पायाखालची चटई ओली लागत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे. कॉइलवर फेसाचे क्लिनर मारून ते नळीवाटे वाहू देतात. फार मळलेली कॉइल डॅशबोर्ड उतरवून धुवावी लागते. एसीत गॅस भरून वास जात नाही, तरी तो सल्ला सर्रास मिळतो.

डॅशबोर्डावर कापराची पोटली ठेवण्याने वास फक्त झाकला जातो. जाळीत डांबराच्या गोळ्या घालण्याची रीत टाळावी. उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ अपायकारक ठरते.

गोडसर वास व काचेवर चिकट धुके ही हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळण्याची खूण असते. कुजक्या अंड्यासारखा वास बॅटरी जादा चार्ज होत असल्याने किंवा एक्झॉस्टमधून येऊ शकतो. शेडमध्ये कापसाच्या ढिगाजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदीर रुई ओढून ब्लोअरच्या (एसीची हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पेटीत घर करतात. त्यातला एखादा आत मेला की फेस, कापूर सगळे व्यर्थ. ब्लोअर खाली उतरवून हाताने सगळे बाहेर काढावे लागते.