ऑनलाइन पार्ट मागवताय? खोका हातात घेताना एवढं पाहा

दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर भागातल्या, आमच्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

कापसाचा हंगाम लागला की पिकअप किंवा छोटा हत्ती एक दिवसही उभा ठेवून भागत नाही. त्यात मागवलेला पार्ट फुटका निघाला, तर दुसरा येईपर्यंत कास्तकाराचा माल घरातच अडकतो. ऑनलाइन घेऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. जुन्या मॉडेलचे कितीतरी पार्ट आता आम्हालाही तिथूनच मागवावे लागतात. राग येतो तो पॅकिंगचा. हेडलाइटसाठी भला मोठा खोका, आत हवेची एकच पिशवी आणि बाकी सगळं रिकामं! काच शाबूत दिसते, म्हणून आपण खूश होतो. पण मागचे बसवायचे कान तुटलेले असतात आणि ते कळतं मेकॅनिकने बंपर खोलल्यावर.

सर्वांत जास्त जपायचा तो टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ पिस्टनशी जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. बऱ्याचदा तो चपटा दुमडून साध्या कुरिअरच्या पिशवीत येतो. वरून रबर नवंकोरं दिसतं, पण घडीच्या जागी आतले धागे तुटलेले असू शकतात. असा बेल्ट चालत्या गाडीत तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काम इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, खोलण्यापर्यंत जातं. घडीची खूण दिसली तर बेल्ट बसवूच नका, कितीही स्वस्त मिळालेला असो. ऑइल फिल्टरला पोचा असेल किंवा ब्रेक ऑइलच्या बाटलीचं सील निघालेलं असेल, तरी तेच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं.

खोका दबलेला, भिजलेला किंवा पुन्हा टेप मारलेला दिसला, तर डिलिव्हरीवाल्या भाऊसमोरच फोटो काढा आणि सही करताना ‘खोका खराब’ असं लिहा. मग घाई न करता उघडा. पत्त्याचं लेबल, खोक्याच्या सगळ्या बाजू, टेप कापणं आणि पार्टवरचा नंबर हे सगळं एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या. मध्ये तोडलेला व्हिडिओ विक्रेते सहसा मानत नाहीत. पार्ट एकदा गाडीला लावला की परत करणं अवघड होतं, म्हणून बसवायच्या आधी जुना शेजारी ठेवून भोकं आणि सॉकेट जुळवून घ्या.

माल खराब, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. कंपनीच्या शहरात जायची गरज नाही.

चुकीचा पार्ट येण्याचं मोठं कारण म्हणजे नुसतं मॉडेलचं नाव टाकून केलेली ऑर्डर. एकाच नावाच्या गाडीत साल बदललं की पार्टही बदलतो. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर सांगितला, तर आम्ही नेमका पार्ट नंबर काढून देतो. मग तो आमच्याकडून घ्या किंवा मोबाइलवरून.

आलेला खोका न उघडता दुकानात आणला तरी चालेल. व्हिडिओ आम्ही काढू, पार्ट तपासून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. येताना आरसी आणि जुना पार्ट मात्र सोबत आणा.