द्रवाचे कण लांब लांब नसतात

पदार्थाच्या अवस्था शिकवताना फळ्यावर वर्षानुवर्षे एकच आकृती निघते: स्थायूचे कण चिकटून, द्रवाचे थोडे दूर, वायूचे खूप दूर. यातली मधली चौकट चुकीची आहे. द्रवातले कणही जवळजवळ स्थायूइतक्याच दाटीने असतात. फक्त ते रांगेत अडकलेले नसतात, एकमेकांवरून सरकतात. बहुतेक पदार्थ वितळताना जेमतेम फुगतात. बर्फ तर वितळून सुमारे ८ टक्के आकसतो! खरी उडी पुढे आहे: १ मिलिलिटर पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ झाली की ती साधारण १.७ लिटर जागा घेते.

हे सांगण्यापेक्षा मुलांच्या हातात बिनसुईची सिरिंज द्या. हवा भरून तोंड बोटानं घट्ट बंद करायचं आणि दट्ट्या दाबायचा: तो चांगला आत जातो, सोडला की मागे येतो. मग पाणी भरा, बुडबुडा मात्र एकही राहू देऊ नका (तो राहिला तर प्रयोगच फसतो). आता दट्ट्या जागचा हलत नाही. का, हे मुलांनाच विचारा आणि द्रवाची चौकट त्यांनाच काढू द्या.