मोबाईल शिकवायचा की मोबाईलने शिकवायचं?

बचत गटाच्या बैठकीत “साक्षरतेचा वर्ग सुरू करू” असं म्हणून पाहा. कुणीतरी विचारतंच, “ते कॉम्प्युटरवालं का?” प्रश्न चुकीचा नाही. गेल्या काही वर्षांत खेड्यांत दोन वेगळे वर्ग आले. दोन्हींच्या नावात साक्षरता, दोन्हींत मोबाईल, दोन्हींच्या शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मग घोळ होणारच.

एक होतं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान, म्हणजे पीएमजीदिशा. २०१७ मध्ये मंजूर झालं. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरातून १४ ते ६० वयाचा एक जण, २० तासांचं प्रशिक्षण. मोबाईल-संगणक चालवणं, इंटरनेटवर माहिती शोधणं, ईमेल पाठवणं, ऑनलाइन पैसे देणं एवढा आवाका. शिकवणं सीएससीसारख्या, म्हणजे सरकारी कामं ऑनलाइन करून देणाऱ्या केंद्रांवर, परीक्षा ऑनलाइन.

दुसरा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठीचा. उल्लास या नावाने तो जास्त ओळखला जातो. इथे १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला वाचन, लेखन आणि आकडेमोड शिकवायची असते, आणि शिकवतात मानधनाशिवाय काम करणारे स्वयंसेवक: शिक्षक, विद्यार्थी, कधी घरातलीच शिकलेली सून. परीक्षा कागदावर. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० असे १५० गुण, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात ही परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली तेव्हा सकाळी १० ते संध्याकाळी ५ पर्यंत सवडीने येऊन पेपर देण्याची मुभा होती. मजुरीवर जाणाऱ्या बाईसाठी ही सोय फार मोलाची.

म्हणजे एकात मोबाईल हाच विषय, दुसऱ्यात तो फार तर पाटी-पेन्सिल. कागदावर हे सोपं दिसतं. वर्गात मात्र फसगत होते, कारण फोन निरक्षरता झाकतो. कापूस वेचणाऱ्या बायकांत कितीतरी जणी व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवतात, फोटो पाहून नंबर लावतात, यूट्यूबला बोलून गाणं मागतात. “मले सगळं येते नं मोबाईलमधलं,” असं त्या म्हणतात ते खरंच असतं. पण बँकेच्या मेसेजमध्ये पैसे आले की गेले, हे विचारायला पोराकडेच जावं लागतं. तिला फोन चालवण्याच्या वर्गात बसवणं म्हणजे वेळ घालवणं आहे. उलट रोज पेपर वाचणारे आजोबा ओटीपी टाकताना घामाघूम होतात. त्यांना बाराखडीच्या वर्गात बसवलं तर ते दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

दुसरा गोंधळ ॲपचा. नवे स्वयंसेवक उल्लास ॲप उतरवून घेतात आणि थेट शिकणाऱ्याच्या हातात देतात. त्यात मुख्य काम नोंदणीचं आहे: शिकणाऱ्याची नोंद, स्वयंसेवकाची नोंद, दोघांची जोडणी. हे सर्वेक्षक आणि स्वयंसेवकाने करायचं. ज्याला ‘क’ लिहिता येत नाही त्याला लॉगिन करायला लावणं मला तरी अघोरी वाटतं. शिकवण्याचं साहित्य दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपवर मिळतं, आणि ते उतरवून ठेवता येतं. नेटवर्क असेल तिथे उतरवून घ्यावं, संध्याकाळी वर्गात नेटशिवाय दाखवावं. व्हिडिओ पाच-सात मिनिटांच्या वर नको. स्वयंपाक उरकून, दिवसभर उन्हात राबून आलेली माणसं पडद्यासमोर पेंगतात. मुलांसाठीच्या चिऊ-काऊच्या गोष्टीही दाखवू नयेत, मोठ्या माणसाला त्याचा मनातून राग येतो.

फोनचा सगळ्यात चांगला उपयोग मला बोलून टाइप करण्यात दिसतो. एखादी म्हणाली, “आज चाळीस किलो वेचाई झाली,” की ते वाक्य पडद्यावर उमटतं. तेच फळ्यावर लिहायचं आणि तिच्याकडून वाचून घ्यायचं. स्वतःचं वाक्य असल्यामुळे अर्थ आधीच ठाऊक असतो, फक्त अक्षरं जुळवायची उरतात. वऱ्हाडी ‘मले-तुले’वर फोन अडखळला तर हाताने दुरुस्त करायचं, पण तिचं बोलणं बदलायचं नाही. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्यांकडे ही युक्ती तशीच चालत नाही. तिथे आधी त्यांच्या भाषेत बोलणारा स्वयंसेवक लागतो, ॲप नंतर.

आकड्यांत तर दोन्ही वर्ग एकमेकांना येऊन भिडतात. वेचाईचा हिशेब या बायका तोंडी बिनचूक करतात. चाळीस किलो गुणिले भाव, त्यातून उचल वजा. अडतं ते काट्यावरचा आकडा वाचताना. वर्गात आपण मराठी अंक गिरवून घेतो, आणि इलेक्ट्रॉनिक काटा, फोन, ओटीपी सगळीकडे इंग्रजी अंक. मराठी पाच आणि इंग्रजी पाच वेगळे दिसतात हे शिकलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. म्हणून साक्षरतेच्या वर्गात दोन्ही अंक शेजारीशेजारी लिहावेत. कॅल्क्युलेटर इथे कामाचा: तिने मनात केलेला हिशेब त्यावर ताडून पाहायचा, आकडे आपोआप ओळखीचे होतात.

दोन्ही शिकायची इच्छा असेल तर आधी अक्षरं-अंक, मग पैशांचे व्यवहार. आधी फोनपेचं बटण दाबायला शिकवलं आणि रक्कम वाचता आली नाही, तर फसवणाऱ्याचं काम सोपं होतं.

नोंदणीला जाण्याआधी एवढंही तपासा. पीएमजीदिशा मार्च २०२४ मध्ये संपलं आहे, आणि ते चालू असतानाही शिकणाऱ्याकडून फी घ्यायची नव्हती. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला सरकारच पैसे देत होतं. उल्लासलाही फी नाही. तेव्हा कुणी यातल्या कुठल्याही नावाने शे-दोनशे रुपये आणि आधारचा अंगठा मागत असेल, तर आधी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत विचारून या.