दख्खनी मेंढीच्या लोकरीचं विज्ञान मुलांना कसं दाखवाल?

मुलांना मेंढीचं चित्र काढायला सांगितलं की कागदावर बहुधा गुबगुबीत, पांढरीशुभ्र मेंढी उतरते. ती परदेशातली मेरिनो. आपल्या सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर दिसणारी दख्खनी मेंढी सडसडीत, बहुतेक वेळा काळी, आणि तिची लोकर राठ. मुलांची लोकरीशी ओळख हिच्यापासून व्हावी, असं मला मनापासून वाटतं. ती प्रत्यक्ष पाहता येते, तिच्यामागे चालणाऱ्या मेंढपाळाला मराठीत प्रश्न विचारता येतात, आणि तिच्या लोकरीच्या एका चिमटीत पुष्कळ विज्ञान आहे.

दुकानात विणकामासाठी जे रंगीत गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेले असतात. त्यामुळे घरात स्वेटर असूनही खऱ्या लोकरीला कधी हात न लागलेली मुलं खूप आहेत. म्हणून आधी धनगराच्या वाड्यावरून मूठभर लोकर मागून आणावी. न धुतलेली मिळाली तर उत्तमच. बोटांना थोडा तेलकटपणा लागेल. मेंढीच्या कातडीतल्या ग्रंथींमधून पाझरणारा हा मेणासारखा पदार्थ म्हणजे लॅनोलिन. मेरिनोच्या मानाने आपल्या मेंढीत तो कमी असतो. हातापायांना लावायच्या मलमांमध्ये लॅनोलिन वापरतात, आणि औषधाच्या दुकानात मिळणारं ‘ड’ जीवनसत्त्वही बऱ्याचदा त्याच्यापासूनच तयार केलेलं असतं.

आता त्यातला एकच केस वेगळा काढून मुलांना दोन बोटांमध्ये धरायला सांगा. मुळाकडून टोकाकडे बोटं ओढली तर तो सरळ निसटतो. टोकाकडून मुळाकडे ओढली तर किंचित अडतो. केसावर सूक्ष्म खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, आणि त्या सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर हे खवले डोळ्यांनाही दिसतात.

या खवल्यांमुळे लोकरीत एक गुण येतो, जो कापसात नाही. कोमट पाणी आणि साबण घालून लोकर हातात चोळत राहिलं, तर प्रत्येक केस फक्त मुळाच्या दिशेनेच सरकतो. मागे फिरायला खवले आडवे येतात. थोड्याच वेळात सारे केस एकमेकांत असे गुंततात की माग नाही, सुई नाही, तरी घट्ट कापड तयार होतं. आपल्याकडचं बुरणूस, म्हणजे न विणलेलं जाड लोकरी पांघरूण, असंच लोकर दाबून आणि मळून बनवतात. लोकरीचा चांगला स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आकसतो, त्याचंही कारण हेच. मुलांना मेजावर करायला यापेक्षा सोपा आणि समाधान देणारा प्रयोग मला ठाऊक नाही.

घोंगडी टोचते, अशी तक्रार मुलं हमखास करतील. तिचं उत्तर जाडीत आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. मेरिनोचा केस साधारण १७ ते २४ मायक्रॉन जाड असतो. सुमारे ३० मायक्रॉनच्या पुढे गेलं की केस वाकण्याऐवजी त्याचं टोक कातडीत रुततं आणि तिथल्या मज्जातंतूंना टोचणी कळते. दख्खनी लोकरीतले बरेच केस याहून जाड असतात, आणि पुष्कळांच्या मधोमध पोकळीही असते. अंगालगत घालायच्या बनियनसाठी ही लोकर कामाची नाही. अंथरायला, पांघरायला, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला ती फार चांगली.

पावसातल्या खोळीची गोष्ट तर मुलांना आवर्जून सांगावी. केसाच्या बाहेरच्या थरावर पाणी सहज पसरत नाही, आतला गाभा मात्र हवेतली वाफ ओढून घेतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वाफेचे रेणू केसातल्या प्रथिनाला चिकटताना उष्णता बाहेर पडते. दमट हवेत घोंगडीची जी ऊब जाणवते, तिच्यात या उष्णतेचाही वाटा आहे. त्यात घोंगडी विणणारे सणगर चिंचोक्याची खळ लावतात. तिने कापड ताठ होतं आणि विणीतली भोकं बुजतात.

‘कातरताना मेंढीला दुखतं का?’ हा प्रश्नही येतोच. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, त्यात जिवंत पेशी नाहीत. आपल्या डोक्यावरचे केस कापताना दुखत नाही, तसंच तिचं. सराईत हाताची कातर कातडीला लागत नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर निघते. मेरिनोची लोकर न कातरता राहिली तर वाढतच जाते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ कळपातून भरकटलेला ख्रिस नावाचा मेंढा सापडला. त्याच्या अंगावरून ४१.१ किलो लोकर उतरवली. त्या ओझ्याखाली त्याला धड चालताही येत नव्हतं. माणसाने हजारो वर्षं निवड करून असे प्राणी घडवले. रानटी मेंढ्यांची लोकर दरवर्षी आपोआप झडते.

दिवाळीनंतर माण, खटाव, फलटणकडचे अनेक धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरतात आणि पावसाआधी माघारी येतात. ओल्या जमिनीत मेंढीचे खूर कुजतात, म्हणून पावसाळा कोरड्या पठारावर काढायचा. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेल्या कळपाच्या लेंड्या आणि मूत्र जमिनीला मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे.

फलटणचंच आणखी एक काम मुलांना कळायला हवं. दख्खनी मेंढीला एका वेळी बहुधा एकच कोकरू होतं. सुंदरबनातल्या छोट्या गारोल मेंढीला मात्र बऱ्याचदा जुळी होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलमधला जुळ्यांचा गुण पिढ्यान् पिढ्यांच्या संकरातून दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. हा गुण एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलामुळे येतो, हे २००१ मध्ये उलगडलं. तोच बदल ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनोतही आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांमधून तो तिकडे पोचला असं मानलं जातं.

आज राठ लोकरीला भाव नाही. कातरणीचा खर्चही अनेकदा निघत नाही, त्यामुळे पुष्कळ लोकर फेकून दिली जाते आणि बरेच मेंढपाळ मटणासाठी माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या मेंढ्यांकडे वळले आहेत. हाताने विणलेल्या घोंगडीला गिऱ्हाईक मिळालं तर थोडा फरक पडेल. विकत घेताना कडेचा एक धागा मागून घ्यावा, तो उसवून खवल्यांची परीक्षा मुलांना करू द्यावी, आणि उरलेला तुकडा मोठ्यांनी चिमट्यात धरून जाळावा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत बाजूला घेतली की विझते आणि चुरगळणारी राख सोडते. ॲक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर त्याची कडक गोळी होते.