स्वयम् (उपग्रह)

स्वयम् हा पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे 1 किलो वजनाचा लघुउपग्रह. 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी34 या अग्निबाणाने कार्टोसॅट-2 मालिकेतील 727.5 किलोच्या मुख्य उपग्रहासह एकूण 20 उपग्रह सोडले. स्वयम् त्यांतलाच एक. त्याची प्रत्येक बाजू जेमतेम 10 सेंमीची. हौशी रेडिओचालकांचे संदेश पोचवणे हे त्याचे काम होते: खालून आलेला संदेश साठवायचा आणि दुसऱ्या केंद्रावरून जाताना तो उतरवायचा.

मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य होते विजेशिवाय दिशा राखण्याचे तंत्र. अवकाशात सुटलेला उपग्रह गरगरत राहतो आणि तसा राहिला तर अँटेनाचा भरवसा उरत नाही. मोठ्या उपग्रहांत हे गरगरणे थांबवायला फिरती चाके किंवा छोटी इंजिने असतात. एवढ्याशा ठोकळ्यात त्यांना ना जागा, ना वीज. म्हणून स्वयम्‌मध्ये कायमचुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो. पण नुसता चुंबक असेल तर उपग्रह त्या दिशेच्या आजूबाजूला झोके घेतच राहील, कारण झोके जिरवायला तिथे हवा नाही. ते काम मृदू चुंबकीय धातूच्या कांड्या करतात. उपग्रह हलला की कांड्यांचे चुंबकत्व उलटसुलट होते, पण जरा मागे रेंगाळत. त्या रेंगाळण्यात गतीची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. संगणक नाही, हलणारा भाग नाही, म्हणजे बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. या साधेपणाला तोड नाही.

त्याची मर्यादाही उघड आहे. चुंबकीय विषुववृत्तावर क्षेत्र आडवे, ध्रुवांजवळ उभे. त्यामुळे एका प्रदक्षिणेत उपग्रह दोनदा पालटतो, शिवाय चुंबकाच्या अक्षाभोवती त्याला मोकळीक राहते. हव्या त्या ठिकाणी कॅमेरा रोखायला ही पद्धत उपयोगाची नाही. रेडिओ संदेशांना ती पुरते.

प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. पदवी चार वर्षांची आणि काम आठ वर्षांचे, त्यामुळे ते एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवत न्यावे लागले. अशा प्रकल्पात हीच सर्वांत अवघड बाजू म्हणावी लागेल.

2016 मध्येच 26 सप्टेंबरला गेलेल्या आयआयटी मुंबईच्या सुमारे 10 किलोच्या ‘प्रथम’ या उपग्रहाने दिशा राखण्यासाठी दुसरी वाट धरली: विजेवर चालणारी चुंबकीय वेटोळी आणि त्यांना हुकूम देणारा संगणक.