वॉर्डाचा माणूस ते पक्षाचा माणूस: नागपूर महापालिकेची पार्श्वभूमी

१५ जानेवारी २०२६ रोजी नागपूरकरांनी जवळपास नऊ वर्षांनी महापालिकेसाठी मतदान केलं. आधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ चं. ४ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकल्यामुळे चोवीस लाखांवर वस्तीचं शहर पावणेचार वर्षं प्रशासकाच्या हाती राहिलं. निवडणूक लागली तेव्हा चर्चा रस्त्यांची, पाण्याची कमी आणि तिकिटं कुणाच्या शब्दावर वाटली जातात याचीच जास्त झाली. या अवस्थेला आपण कसे पोचलो, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

नागपुरात नगरपालिका आली १८६४ मध्ये. महापालिका झाली ती १९४८ च्या सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन कायद्याखाली. १९५२ मध्ये निवडून आलेलं सभागृह बसलं आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले. तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होतं. १९५६ मध्ये राजधानी गेली, सत्तेचं केंद्र मुंबईला सरकलं, आणि शहरातल्या कार्यकर्त्याला आपल्या हाताने मिळवता येईल अशी सत्ता उरली ती महापालिकेची.

त्या सत्तेचं चलन काय होतं? नळाचं कनेक्शन, गडर लाइन म्हणजे सांडपाण्याची नळी, रहिवासी दाखल्यावरची सही, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे नोकरी. नागपूरच्या सफाई खात्यात ‘ऐवजदार’ नावाचा वर्ग आहे. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या ऐवजी रोजंदारीवर काम करणारा तो ऐवजदार. यादीत नाव लागलं की पहाटे हजेरीला जायचं, काम मिळालं तर रोजी, नाही तर घरी परत. वीस-वीस वर्षं झाडू मारूनही कायम न झालेली माणसं या यादीत होती. कायम करण्याचं आश्वासन त्यांना निवडणुकीमागून निवडणुकीला मिळत गेलं. ज्या माणसाची रोजी एका यादीवर टांगलेली आहे, त्याचं मत मोकळं कसं राहणार? मला या सगळ्या इतिहासातली ही बाजू सर्वांत जास्त सलते.

दुसरं चलन जमिनीचं. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास ही शहराच्या जमिनी आणि ले-आऊट बघणारी वेगळी संस्था आली आणि एकाच शहरात दोन कारभारी झाले. शहर पसरलं तसे शेतजमिनींवर विनापरवाना ले-आऊट पडले. स्टँपपेपरवर प्लॉट घेऊन लोकांनी घरं बांधली, आणि मग रस्ता नाही, गडर नाही, बँक कर्ज देत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमितीकरणाची वाट उघडली. ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ हे अशा विनापरवाना ले-आऊटच्या गटांसाठीचे शब्द तेव्हापासून नागपुरात प्रत्येक प्रचारसभेत ऐकू येतात. विकास शुल्क भरा, आरएल लेटर म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळवा, मग सोयी. हा कायद्याने मिळणारा कागद, पण तो लवकर यावा म्हणून माणूस कुणाच्या तरी कार्यालयाच्या पायऱ्या चढतो. उपकाराचं नातं तिथे जुळतं. प्रन्यास बरखास्त करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला होता, तरी प्रन्यास आहेच.

हे सगळं वाईट असलं तरी जुन्या नगरसेवकाचा एक गुण मान्य करायला हवा. तो सापडायचा. वॉर्ड लहान, एका वॉर्डाला एक माणूस, सकाळी त्याच्या अंगणात लोक बसलेले. काम झालं नाही तर जाब विचारायला पत्ता माहीत होता. असा माणूस पक्षाने तिकीट नाकारलं तर अपक्ष उभा राहायचा आणि निवडूनही यायचा.

तो बदलला प्रभाग पद्धतीमुळे, म्हणजे एका मोठ्या प्रभागातून एकाहून जास्त नगरसेवक निवडण्यामुळे. २००२ ची निवडणूक तीन सदस्यांच्या प्रभागाने झाली, २००७ ची एका सदस्याच्या वॉर्डाने, २०१२ ची दोन सदस्यांच्या आणि २०१७ ची चार सदस्यांच्या प्रभागाने. महाविकास आघाडी सरकारने २०२१ मध्ये तीन सदस्य ठरवले, पुढच्या सरकारने पुन्हा चार केले आणि २०२६ त्याच पद्धतीने पार पडली. मुंबई महापालिका मात्र या खेळातून बाहेर, तिथे वॉर्डाला एकच नगरसेवक. नियम कुणाचंही सरकार असो, सोयीने बदलला गेला, आणि मतदाराला कुणी विचारलं नाही.

२००७ मध्ये नागपुरात १३६ वॉर्ड होते, म्हणजे २००१ च्या जनगणनेने वॉर्डामागे साधारण पंधरा हजार माणसं. २०१७ मध्ये १५१ जागांसाठी ३८ प्रभाग झाले, म्हणजे एका प्रभागात साठ हजारांवर वस्ती. एवढ्या मोठ्या भागात स्वतःच्या बळावर प्रचार करणं साध्या कार्यकर्त्याच्या आवाक्यातलं नाही. पॅनल पाहिजे, चिन्ह पाहिजे, पैसा पाहिजे, आणि हे तिन्ही पक्षाकडे. २०१२ मध्ये १४५ पैकी ६२ जागा जिंकलेल्या भाजपला सत्तेसाठी अपक्ष आणि लहान गटांना घेऊन नागपूर विकास आघाडी करावी लागली होती. २०१७ मध्ये भाजपला १०८ जागा मिळाल्या, काँग्रेसला २९, बसपला १०, आणि अख्ख्या सभागृहात अपक्ष उरला एक. भाजपच्या लाटेचा वाटा त्यात होताच. पण अपक्षाला उभं राहायला जमीनच उरली नव्हती, हेही तितकंच खरं.

याच काळात तिजोरीची किल्लीही हलली. जकात ही महापालिकेची स्वतःची कमाई होती. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता दर महिन्याला राज्याच्या अनुदानाची वाट पाहायची. मोठे रस्ते, पूल, मेट्रो यांचा पैसा मुंबई-दिल्लीहून येतो आणि भूमिपूजनाचा नारळ मोठे नेते फोडतात. बस्तीतल्या सिमेंटच्या बाकावर अजूनही नगरसेवकाचं नाव आणि ‘यांच्या विकास निधीतून’ ही ओळ असते. त्याच्या हातात राहिलेला निधी साधारण तेवढ्याच मापाचा आहे.

म्हणून तिकिटाला इतकी किंमत आली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी झोन कार्यालयाबाहेर इच्छुक एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, वाट बघत उभे असतात. पंधरा वर्षं बस्तीत काम केलेल्या बाईंना ऐन वेळी कळतं की फॉर्म दुसऱ्याच्या नावाचा निघाला. महिलांना निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत, आणि त्या आरक्षणाने कितीतरी कर्तबगार बायका सभागृहात आल्या. पण चौघांच्या पॅनलमध्ये कोणती बाई कुठल्या जागेवर लढणार, हे ठरवणारे हात बहुतेक वेळा पुरुषांचेच. नाराजांची समजूत काढायला स्वीकृत सदस्यपदं, म्हणजे निवडणूक न लढवता नेमणुकीने मिळणाऱ्या जागा असतात. शहरातल्या जाणकार, अनुभवी माणसांसाठी ठेवलेल्या त्या जागा सगळेच पक्ष पुनर्वसनासाठी वापरतात.

वस्तीच्या पातळीवर मतदारांनी एकत्र बसून कामं ठरवावीत म्हणून राज्याने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली होती. निवडणुकीनंतर आता सभागृह पुन्हा आलं आहे. नव्या १५१ नगरसेवकांपैकी एकाने जरी आपल्या प्रभागात अशी सभा बोलावण्याची मागणी पहिल्या वर्षात रेटली, तर ऐवजदारांची यादी, ले-आऊटची गडर लाइन आणि निधीचा हिशोब हे तिन्ही विषय लोकांसमोर चर्चेला येतील.